बो बिशेट टोरोंटोत राहील का? फ्री एजन्सी समजणाऱ्यांची मदत हवी आहे

चाफेकळी (मिसिसागा), १३ नोव्हेंबर २०२५

नमस्कार मंडळी,

टोरोंटोच्या ब्लू जेज या बेसबॉल संघाचे सामने आमच्या घरी नेमाने बघितले जातात, पण मोसम संपल्यावरचा हा फ्री एजन्सीचा (करार संपलेला खेळाडू हव्या त्या क्लबकडे जाऊ शकतो, त्याचा) मामला मला नीट उमगत नाही. जाणकारांनी जरा उलगडून सांगावं. बो बिशेटची ११ नंबरची जर्सी अंगातून न काढणारा मुलगा घरात आहे. शाळेतून आला की दप्तर टाकायच्या आधी विचारतो, "आई, बो जाणार का?" त्याला खोटा धीर द्यायचा नाहीये.

बोचा ३ वर्षांचा, ३ कोटी ३६ लाख डॉलरचा करार संपला. क्लबने त्याला क्वालिफाइंग ऑफर (ठरलेल्या रकमेवर आणखी एक वर्ष राहण्याचा प्रस्ताव) दिली आहे, एका वर्षाचे २ कोटी २० लाख २५ हजार डॉलर. उत्तर द्यायची मुदत १८ नोव्हेंबर. सगळे म्हणतात, तो नाकारणारच. वय २७, बॅटिंगची सरासरी .३११, ९४ आरबीआय (त्याच्या बॅटिंगवर आलेल्या धावा). एका वर्षावर कशाला अडकेल? पण नाकारली म्हणजे विषय संपला का? २०२१ मध्ये आपले दोघे ही ऑफर नाकारूनच गेले: मार्कस सेमियन ४५ होमरन मारून टेक्सासला, रॉबी रे साय यंग (सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार) जिंकून सिॲटलला. तेव्हापासून या ऑफरचं नाव निघालं की पोटात गोळा येतो.

दुसरी काळजी काइल टकरची. यंदाच्या फ्री एजंटांच्या यादीत तो सगळ्यात वर, आणि जेज त्याच्या मागे लागतील अशी चर्चा आहे. आपल्या व्लॅडीला (व्लादिमीर गरेरो ज्युनियर) एप्रिलमध्येच १४ वर्षांचे ५० कोटी डॉलर कबूल केलेत. बेसबॉलमध्ये सॅलरी कॅप (संघाच्या एकूण पगारावर कमाल मर्यादा) नाही म्हणतात, मग घोडं अडतं कुठे? टकर आला तर बोसाठी पैसे उरतील का?

वर्ल्ड सिरीजच्या सातव्या सामन्यात बोने डॉजर्सच्या ओहतानीला मारलेला तो तीन रनांचा होमर आठवा. गुडघा दुखावल्यामुळे धड पळता येत नव्हतं, शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली) ही नेहमीची जागा सोडून सेकंड बेसवर उभा होता, तरी त्याने तो चेंडू सेंटर फील्डच्या पार धाडला. पुढे अकराव्या इनिंगला आपल्या कर्कची बॅट मोडली, डबल प्ले (एकाच चेंडूवर दोघे बाद) झाला आणि ५-४ ने हरलो. या पोराला दुसऱ्या कुणाच्या कपड्यात बघवणार नाही हो.

डगआउट (बॉस्टन)

ताई, ऑफर नाकारली तरी जेजशी बोलणी चालू राहू शकतात. पीट अलोन्सोने गेल्या वर्षी नाकारली आणि फेब्रुवारीत २ वर्षांच्या ५.४ कोटींवर मेट्सकडेच परतला.

उलट ऑफर नाकारल्यावर अडचण येते ती बाहेरच्यांना. त्यांनी बोला घेतलं तर त्यांचे ड्राफ्ट पिक (नवे खेळाडू निवडण्याच्या पाळ्या) जातात. लक्झरी टॅक्स (एकूण पगार ठरलेल्या रेषेपलीकडे गेल्यास लागणारा कर) भरणारा क्लब असेल तर दुसरा आणि पाचवा पिक, शिवाय परदेशी मुलांना करारबद्ध करण्याच्या रकमेतले १० लाख डॉलर. जेजना स्वतःचा खेळाडू ठेवताना काहीच गमवावं लागत नाही. आणि तो गेला तर भरपाई म्हणून चौथ्या फेरीनंतरचा एक पिक, कारण तेही टॅक्सच्या रेषेच्या वर आहेत. एवढ्या खेळाडूच्या बदल्यात हे फारच थोडं, म्हणून मला वाटतं ते शेवटपर्यंत जोर लावतील.

कॅप नाही हे खरं. पण आयपीएलमध्ये ठरलेली रक्कम संपली की विषय संपतो, तसं इथे होत नाही. पुढच्या मोसमाची टॅक्सची रेषा २४.४ कोटी डॉलर आहे. वर गेलात तर जादा रकमेवर पहिल्या वर्षी २० टक्के, सलग दुसऱ्या वर्षी ३०, तिसऱ्यापासून ५०. रेषा फार ओलांडली तर अधिभार वेगळा. म्हणजे टकर आणि बो दोघेही नियमात बसतात, प्रश्न मालकाच्या तयारीचा आहे.

बाहेरचे कोण? आमच्याकडे तिसऱ्या बेसचा ब्रेगमन करारातून बाहेर पडला, त्यामुळे रेड सॉक्सच्या इनफील्डमध्ये जागा आहे. यांकीजचा शॉर्टस्टॉप व्होल्पी याच्या खांद्याची शस्त्रक्रिया झाली आहे. ब्रेव्ह्जकडून त्यांचा शॉर्टस्टॉप हा-सॉंग किम गेला. या तीन क्लबांवर नजर ठेवा.

लेकशोर_काका (ओकव्हिल)

वरचं सगळं पटलं, पण मला पाणी दुसरीकडेच मुरताना दिसतं. बो गुडघ्यामुळे बाहेर असताना आपल्या हिमेनेझने शॉर्टस्टॉप इतका सुरेख सांभाळला की आता त्याला हलवणं कठीण. बोने सेकंड बेस कायमचा स्वीकारला तर इथे त्याची जागा पक्की. शॉर्टस्टॉपच हवा असेल तर तो देणारा क्लब शोधेल.

बाळाला सांगा, निकाल लगेच लागणार नाही. डिसेंबरात ऑर्लँडोला विंटर मीटिंग्ज (सगळ्या क्लबांच्या वार्षिक बैठका) आहेत, हालचाल साधारण तिथून वेग घेते. ब्रेगमनचा गेल्या वेळचा करार तर फेब्रुवारीत झाला होता.

चाफेकळी

दोघांचे मनापासून आभार. नाकारण्याची बातमी आली तर घाबरायचं नाही, हे आजच त्याला समजावते. काका, तुमच्या मुद्द्यावरून एक विचारते: सेकंड बेसवर गेल्याने खेळाडूचा भाव किती उतरतो? तसं असेल तर बोचा एजंट ते सुखासुखी कबूल करेल का?