पुढच्या स्प्रॉकेटचे बोल्ट सारखे ढिले होतात, वेल्डिंग मारू का?

किटलीवाला: नमस्कार मंडळी. १०० सीसी गाडी आहे, रोज पहाटे दोन्ही बाजूंना वीस-वीस लिटरच्या किटल्या बांधून डेअरीला जातो. पुढचं स्प्रॉकेट (चेन ओढणारं छोटं दातेरी चाक) इंजिनातून बाहेर येणाऱ्या शाफ्टवर पट्टी आणि दोन १० नंबरच्या बोल्टांनी धरलेलं आहे. चार महिन्यांत तीनदा बोल्ट ढिले झाले. परवा तर एक निघून कव्हरच्या आत पडला, खडखड ऐकून जागेवर थांबलो म्हणून बरं. कव्हरला आतून बोटभर चरा पडलाय. गावातला मिस्त्री म्हणतो, स्प्रॉकेट शाफ्टला वेल्ड करून टाकू. गाडीवर घर चालतं, म्हणून आधी विचारतोय.

पाना_१०नंबर: दादा, वेल्डिंग अजिबात मारू देऊ नका. स्प्रॉकेटच्या मागेच ऑइल सील, म्हणजे ऑइल अडवणारी रबरी रिंग असते, ती जळते. वेल्डिंगचा करंट बेअरिंगमधून गेला तर तेही जातं. वर पुढच्या वेळी स्प्रॉकेट बदलायचं म्हणजे शाफ्टच काढावा लागेल, इंजिन उघडून.

तुमचा दोष बोल्टात नसावा. गाडी गिअरमध्ये टाका, चेन उतरवा आणि स्प्रॉकेट हाताने मागे-पुढे फिरवून बघा. शाफ्ट जागेवर राहून स्प्रॉकेट हललं, तर आतल्या खाचा झिजल्यात. तिथे गंजासारखी लाल भुकटीही दिसेल. आत-बाहेर थोडं सरकलं तर घाबरू नका, पट्टीवाल्या गाडीत तेवढी मोकळीक असतेच.

दुसरं, चेन किती ताणलीय? स्टँडवर इंचभर झोल बरा वाटतो, पण भरलेल्या किटल्या आणि वर तुम्ही बसलात की शॉकअप दबून मागचं चाक वर जातं आणि चेन आवळते. मग प्रत्येक खड्ड्यात ती शाफ्टला ओढते. किटल्या बांधून, गाडीवर बसून, दुसऱ्याला चेन दाबायला सांगा. थोडा झोल उरलाच पाहिजे.

बसवताना बोल्ट आणि आटे पेट्रोलने धुऊन कोरडे करा, निळं लॉकटाइट (बोल्ट ढिला होऊ नये म्हणून आट्यांना लावायचा गोंद) एकच थेंब. लाल नको, ते काढायला आच द्यावी लागते. १० नंबर हे पान्याचं माप, बोल्ट ६ एमएमचाच आहे, लांब पान्याने आवळलात तर मुंडी तुटून हातात येईल. छोटा टी-पाना आणि मनगटाचा जोर पुरे. लॉकटाइट धरेपर्यंत रात्रभर गाडी उभी ठेवा.

चेनसरळ: मागून खाली वाकून चेन सरळ जाते का तेही बघा. चाक तिरकं असेल तर स्प्रॉकेट कडेला ओढलं जातं. माझ्या बुलेटला पट्टी नाही, एकच मोठा नट आणि त्याखाली लॉक वॉशर. त्या वॉशरची कड नटच्या सपाट बाजूवर वाकवावी लागते. तुमच्या पट्टीची खाचही झिजली असेल तर तीही नवीन घ्या.

किटलीवाला: पाना दादा, अगदी तसंच निघालं. किटल्या बांधून बसलो तर चेन तारेसारखी ताठ. स्प्रॉकेट आतून गोल झालेलं, लाल भुकटी बोटाला लागली. शाफ्टच्या खाचा मात्र शाबूत आहेत, हे बघून जीवात जीव आला. पूर्ण चेन किट (चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट), पट्टी आणि बोल्ट नवे टाकले. बायकोच्या नेलपॉलिशने बोल्टच्या मुंडीवरून पट्टीपर्यंत एक रेघ ओढलीय. दर रविवारी कव्हर काढून बघतो. तीन आठवडे झाले, रेघ अजून सरळ आहे.