बोट लागणाऱ्यांची पहिली क्रूझ : आपापले अनुभव सांगा

डोंबिवलीहून

जानेवारीत आईची एकसष्टी आहे. हॉल नको, आहेर नको, मला एकदा समुद्रावर घेऊन चला, असं ती म्हणाली. लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत ती भाऊच्या धक्क्यावरून बोटीने रत्नागिरीला जायची. डेकवर सतरंजी टाकून झोपायचं आणि रत्नागिरी आली की पडावात, म्हणजे लहान होडीत, उतरायचं, हे तिने आम्हांला शंभरदा सांगितलंय. तिला कधी बोट लागली नाही. प्रश्न माझा आणि माझ्या आठ वर्षांच्या मुलाचा आहे. आम्हां दोघांना गाडी लागते. पोलादपूरहून महाबळेश्वरला जाताना आंबेनळी घाटात तीनदा गाडी थांबवावी लागली होती.

एजंट म्हणतो, मॅडम, एवढ्या मोठ्या बोटीत काही जाणवत नाही, वरच्या डेकची बाल्कनी घेऊन टाका. माझा विश्वास बसत नाही. ज्यांना खरोखर मळमळतं आणि तरी जे जाऊन आले, त्यांनी लिहा. कुठली सफर, कुठला महिना, कुठली खोली, काय खाल्लं, सगळं. त्रास झाला असेल तर तोही लपवू नका. आईला मला खरंच न्यायचंय.

गिरगावातून

ताई, बाल्कनीचे पैसे भरण्याआधी माझं वाचा.

डिसेंबरात आम्ही मुंबई-गोवा-मुंबई केलं. समोरून समुद्र दिसेल म्हणून सगळ्यात वरच्या मजल्यांपैकी एकावर, अगदी पुढच्या टोकाची खोली घेतली. बॅलार्ड पिअरहून संध्याकाळी बोट सुटली. बंदरात पाणी शांत होतं, प्रॉन्ग्जचं दीपगृह मागे पडेपर्यंत मी हसत फोटो काढत होते. जेवून खोलीत आले, तर कपाटातले रिकामे हँगर एकमेकांवर आपटत होते. टक, टक, जरा थांबून पुन्हा टक. पडदा भिंतीपासून हातभर सुटायचा, तसाच लोंबकळत राहायचा, मग सावकाश परत जाऊन चिकटायचा. मी पलंगावर पडून त्या पडद्याकडेच बघत राहिले. दहाच्या सुमाराला उलट्या सुरू झाल्या. गोळी घेतली, ती पाच मिनिटांत बाहेर.

खोलीची साफसफाई करणारा मुलगा मालवणचा निघाला. तो म्हणाला, "ताई, हय पडान ऱ्हवा नको. खाली पाचव्या मजल्यार, मधल्या जिन्याकडे सोफे आसत, थंय बसा." नवऱ्याने धरून नेलं. बोट तीच, लाटा त्याच, पण खाली मध्यावर निम्मासुद्धा त्रास नव्हता. शाल पांघरून रात्र तिथेच काढली आणि झोपही लागली.

बागेतल्या सी-सॉचं टोक बघा आणि मधला दांडा बघा, तेवढाच फरक. बोटीचं पुढचं टोक, मागचं टोक आणि उंची, तिन्ही टाळा. परतीच्या प्रवासासाठी मी काउंटरवर विनंती केली, खालच्या मजल्यावरची मधली खोली रिकामी होती, ती मिळाली. बाल्कनी नव्हती, एक बंद खिडकी होती. त्या खोलीत मी वरण-भात जेवले.

ठाण्याहून

वरच्या ताईंशी पूर्ण सहमत. एक भर घालतो. बुकिंग करताना 'गॅरंटी' केबिन म्हणून स्वस्त पर्याय दाखवतात. त्यात खोलीचा प्रकार तेवढा नक्की असतो, नंबर कंपनी देईल तो. गाडी लागणाऱ्याने तो घेऊ नये. बोटीचा नकाशा, म्हणजे डेक प्लॅन, मागून घ्या, त्यावर स्वतः बोट ठेवून खोली निवडा आणि नंबर पावतीवर लिहून घ्या. बरोबर वर किंवा खाली डिस्को नाही ना, तेही बघा. खालच्या मजल्यांवर हा घोळ असतो आणि झोप नसली की मळमळ दुप्पट.

आमची पहिली क्रूझ सिंगापूरहून होती, 'गेंटिंग ड्रीम'वर. ती ३३५ मीटर लांब आहे. मुंबईहून सुटणारी 'एम्प्रेस' २११ मीटर. मोठी बोट कमी हलते हे खरं, पण माझ्या मते आम्हांला वाचवलं ते बोटीच्या लांबीपेक्षा मलाक्काच्या सामुद्रधुनीने. दोन्ही बाजूंना जमीन, मोकळ्या समुद्राची लाट तिथे फारशी येतच नाही. सौ. लोणावळ्याला जाताना डोळे मिटून बसते, ती तिथे तीन दिवस हिंडली. मात्र विमान, व्हिसा, हॉटेल धरून खर्च कुठल्या कुठे जातो. एकसष्टीला दहा माणसं न्यायची असतील तर आधी हिशेब मांडा. गोव्याच्या सफरीला परदेशी बंदर नसल्यामुळे पासपोर्टही लागत नाही.

मुलुंडहून

मी कान-नाक-घशाचा डॉक्टर आहे, आणि मलाही बोट लागते. म्हणून दोन्ही बाजूंनी लिहितो.

तोल सांभाळणारा अवयव आतल्या कानात असतो. बंद खोलीत कान सांगतो की आपण हलतोय, डोळे सांगतात की भिंत जागच्या जागी आहे. या दोघांचं भांडण म्हणजे मळमळ. उघड्या डेकवर उभं राहून क्षितिजाकडे बघितलं की डोळ्यांनाही हालचाल दिसते आणि भांडण मिटतं. मोबाइल किंवा पुस्तक बघितलं की वाढतं. मोठ्या बोटींना पाण्याखाली दोन्ही बाजूंना माशाच्या परांसारखी फळी असते, स्टॅबिलायझर म्हणतात. डाव्या-उजव्या डोलण्याला ती आवर घालते. पुढचं-मागचं टोक वर-खाली होतं ते ती थांबवू शकत नाही. म्हणून गिरगावच्या ताईंची पुढची खोली इतकी नडली.

गोळीबद्दल. उलटी सुरू झाल्यावर घेतलेली गोळी बहुधा वाया जाते, पोट ती पुढे सरकवतच नाही. एव्होमिनसारखी गोळी आदल्या रात्री, किंवा निघण्याआधी किमान एक-दोन तास घ्यावी लागते. झोप येते, त्यामुळे तिच्यावर मद्य नको. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. कानामागे लावायच्या पट्टीचंही तेच. मुलाचा डोस त्याच्या बालरोगतज्ज्ञाकडून वजनानुसार लिहून घ्या, मोठ्यांची गोळी अर्धी करून देऊ नका. दोन ते बारा वयात हा त्रास सर्वांत जास्त असतो, त्यामुळे त्याची तयारी तुमच्यापेक्षा नीट हवी. आणि नवी गोळी आधी घरी, सुट्टीच्या दिवशी घेऊन बघा. किती गुंगी येते ते बोटीवर कळायला नको.

बोरिवलीहून

रिकाम्या पोटी जाऊ नका हो. बोर्डिंगच्या रांगेत दोन-तीन तास जातात, माणूस उपाशी राहतो, मग बुफेवर तुटून पडतो आणि रात्री भोगतो. मी पर्समध्ये आलेपाक, खाकरा आणि एक लिंबू ठेवते. दर दोन तासांनी थोडं थोडं कोरडं खायचं. लिंबाला नखाने ओरखडा काढून हुंगायचं, एसटीत आई द्यायची तसं. हिरवं सफरचंदही चालतं.

वर्सोव्याहून

मी कोळीवाड्यातली. वडिलांची बोट होती, तरी मला लहानपणी बोट लागायची, त्यामुळे ताईंची काळजी कळते.

महिना सगळ्यात महत्त्वाचा. १ जून ते ३१ जुलै आपल्याकडे मासेमारी बंद असते, आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय आमच्याकडे समुद्रावर भरवसा ठेवत नाहीत. पावसाळ्याच्या आगेमागे वादळं होतात. 'तौक्ते' मे २०२१ मध्ये आलं, 'ओखी' डिसेंबर २०१७ मध्ये. म्हणून डिसेंबर म्हटलं की समुद्र शांतच, असं धरून चालू नका. जानेवारी निवडलात ते मला आवडलं. निघायच्या चार दिवस आधीपासून हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा बघत जा.

आणि बुकिंगआधी एक काम करा. मुलाला घेऊन गेटवेहून मांडव्याला जा. पण सकाळी नाही. सकाळी पाणी तेलासारखं असतं, त्यात काही कळणार नाही. दुपारी वारा सुटल्यावर परत या. तो तासाभराचा प्रवास लहान बोटीतून झेपला, तर एवढ्या मोठ्या जहाजाला घाबरू नका. वडील सांगायचे, पोरी, पाण्याकडे बघू नको, किनाऱ्याकडे बघ. डॉक्टरांनी वर तेच लिहिलंय.

विलेपार्ल्याहून

मी थोडं वेगळं लिहितो. आम्ही पहिल्याच वेळी लक्षद्वीपची सफर घेतली. जहाजावर मला काही झालं नाही. पण तिथे जहाज बेटाला लागत नाही, बाहेर नांगरतं आणि लहान होडीतून किनाऱ्यावर नेतात. त्या होडीत चढण्यासाठी जहाजाच्या बाजूला थांबलो तेव्हा होडी एका लाटेला गुडघ्याइतकी खाली आणि दुसऱ्या लाटेला कमरेइतकी वर येत होती. खलाशी दंडाला धरून, योग्य क्षणी, "आता" म्हणायचे. माझी पंच्याहत्तर वर्षांची सासू तिथूनच परत फिरली. मला होडीत बसल्यावर जे व्हायचं ते झालं. समुद्र खवळलेला असेल तर उतरणंच रद्द होतं, ते वेगळं.

पाणी तिथलं स्वर्गासारखं आहे, पण पहिली सफर म्हणून नको. गोव्याला मुरगाव बंदरात बोट सरळ धक्क्याला लागते, शिडीवरून चालत उतरायचं. आणि हलणारं पाणी अजिबात नकोच असेल तर आलप्पुळाची हाउसबोट घ्या. तिथे लाटच नाही. त्यात कमीपणा कसला?

विक्रोळीहून

दोन रात्रींची सफर सोपी, असं सगळे म्हणतात. माझं मत उलट झालंय. शरीराला सवय व्हायला दोन-तीन दिवस लागतात. माझी पहिली क्रूझ दोन रात्रींची होती, सवय होतेय तोवर उतरायची वेळ आली. दुसरी पाच रात्रींची केली, त्यात तिसऱ्या दिवसापासून मला काही आठवणसुद्धा राहिली नाही की आपण पाण्यावर आहोत. पण पहिल्याच वेळी पाच रात्री अडकून पडायचं धाडस माझंही झालं नसतं, हे कबूल.

घरी आल्यावर दोन दिवस बाथरूमची फरशी हलल्यासारखी वाटत होती. कोणी आधी सांगितलं नव्हतं, मी घाबरून बीपी तपासून आले.

मुलुंडहून

ते बहुतेकांचं दोन-तीन दिवसांत जातं. महिना झाला तरी जमीन डोलतेय असं वाटलं तर मात्र दाखवून घ्या.

डोंबिवलीहून

सगळ्यांचे मनापासून आभार. आजच दुपारी मांडव्याहून परतलो. लेक मागच्या बाजूला कठड्याला धरून उभा होता, त्याला काहीच झालं नाही. मी आत बसून व्हॉट्सॅपला उत्तरं देत होते, दहा मिनिटांत तोंडाला पाणी सुटलं. फोन पर्समध्ये टाकला, बाहेर त्याच्याशेजारी जाऊन ताजमहाल हॉटेलकडे बघत उभी राहिले, तेव्हा ओसरलं. एजंटला बाल्कनी नको म्हणून कळवलंय. खालचा मजला, मधला भाग, खिडकी. नंबर पावतीवर आहे.

डोंबिवलीहून, जानेवारीअखेर

जाऊन आलो. कबूल केल्याप्रमाणे लिहिते.

आदल्या रात्री गोळी, दुपारी रांगेत खाकरा. खोलीत शिरल्या शिरल्या कपाटातले हँगर काढून बॅगेत भरले. पहिल्या रात्री बोट हलली, जाणवलं, एकदा पोटात ढवळलंही. आडवी पडून डोळे मिटले आणि तासाभरात झोप लागली. मुलगा दुसऱ्या दिवशी सकाळी टॅबलेट घेऊन बसला तेव्हा त्याला एक उलटी झाली, नंतर काही नाही. लिफ्टजवळ कागदी पिशव्या ठेवलेल्या असतात, त्याने दोन खिशात ठेवून घेतल्या होत्या.

आई रात्रभर झोपली नाही. दोनच्या सुमाराला मला उठवून वर डेकवर नेलं. गार वारा होता, तिने स्वेटरवरून शाल घेतली होती. डावीकडे लांब एका दीपगृहाचा उजेड यायचा, जायचा. कुठलं ते विचारायला आसपास कोणी नव्हतं. ती म्हणाली, रत्नागिरीचंच. दिसेनासं होईपर्यंत आम्ही तिथेच उभ्या होतो.

मुरगावला धक्का जवळ आला, दोर टाकले, तेव्हा ती कठड्यापाशी जाऊन मोठ्याने म्हणाली, "बोट लागली गं, बोट लागली!" लेक मागून धावत आला आणि खिशातली पिशवी उघडून त्याने आजीच्या तोंडासमोर धरली.