‘पदर’: साडीचा, सोयरिकीचा आणि हायवेचा

प्रश्न : लग्नाच्या बोलणीत एका काकांनी विचारलं, “त्यांचा-आपला पदर लागतो का?” इथे पदर कुठून आला? आणि हल्ली दुकानात, पार्लरमध्ये सगळे ‘पल्लू’ म्हणतात. दोन्ही एकच ना?

– साडी नेसताना एकच. पण पल्लूमोड करून कुणी गणपतीची वर्गणी देत नाही, की पल्लूला खार लावून भावाचं कर्ज फेडत नाही. तिथे पदरच लागतो. ‘पदर लागणे’ म्हणजे आधीच्या सोयरिकींतून दोन घराण्यांचं नातं पोचणं. ऐकायला मऊ, पण प्रश्न कडक आहे. जात-कुळी विचारायची, फक्त तो शब्द तोंडातून काढायचा नाही.

– पदर बायकांचाच असतो असंही नाही. उपरण्याला पदर असतो, शेल्याला असतो. सरदार पेशव्यांच्या ‘पदरी’ असत.
माझी आजी लुगड्याच्या पदराला गाठ मारून सुटे पैसे ठेवायची आणि भाजीवाली आली की ती गाठ दातांनी सोडवायची. चुलीवरचं पातेलं त्याच पदराने उतरवायचं, नातवाचं नाकही त्यानेच पुसायचं, आणि कुणी वडीलधारं दारात आलं की तोच डोक्यावर. ‘पदरचे पैसे’ मला कधी कुणी समजावून सांगितलं नाही, लागलंही नाही.
इरकली साडीत तर पदराचा ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, वेगळाच असतो. अंगाच्या ताण्याला तो फासे अडकवून जोडतात, मग विणतात. म्हणून अंग हिरवं असलं तरी पदर लाल निघतो. (‘पदर लागणे’ त्यावरून आलं, असं कृपया कुणी पुढे ढकलू नका.)

प्रश्न : आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग सहापदरी, तो कसा?

– तिथे पदर म्हणजे थर किंवा सर. मोहनमाळ तीनपदरी असते, पोळीला पदर सुटतात, गोष्टीलाही अनेक पदर असतात. रस्त्याला तो सरकारी मराठीने दिला आणि चांगला बसला.

– ‘मुलीला पदर आला’ राहिलं. त्याचा साडी घेण्याशी संबंध नाही, पहिली पाळी आली असा अर्थ. माझ्या आईच्या पिढीपर्यंत हे कुजबुजत सांगायचे. आता मुली सरळ ‘पाळी आली’ म्हणतात, ते बरंच झालं.