हल्ल्याच्या बातम्यांनी घरची झोप उडाली, काय करावं?

प्रश्न (महाल): अतिरेकी हल्ल्याची बातमी आली की दिवसभर टीव्ही सुरू. सासूबाईंना धडधडतं, सात वर्षांची मुलगी रात्री दचकून उठते. नागपुरात तर काही झालं नाही, मग असं का?

उत्तर १: ताई, किती दूर घडलं यापेक्षा किती वेळ पाहिलं हे कधी कधी जास्त भोवतं. २०१३ च्या बॉस्टन मॅरेथॉन स्फोटांनंतरच्या अभ्यासात, आठवडाभर रोज सहा तास किंवा जास्त बातम्या पाहणाऱ्यांना प्रत्यक्ष तिथे असलेल्यांपेक्षाही तीव्र ताण आढळला. टीव्ही बंद करा, सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटं पेपर वाचा. व्हॉट्सॲपचं मीडिया ऑटो-डाउनलोडही बंद करा. नाहीतर ग्रुपवरचे व्हिडिओ गॅलरीत येतात आणि तोच फोन मुलीच्या हातात जातो.

उत्तर २: तेच दृश्य दहादा दिसलं की लहान मुलांना दहा हल्ले झाल्यासारखं वाटतं. "काही नाही झालं" म्हणू नका. तिला काय कळलंय ते आधी विचारा, मग नकाशावर ती जागा आणि आपलं नागपूर दाखवा.

उत्तर ३: सासूबाईंनी चार आकडे श्वास आत, सहा बाहेर, पाच मिनिटं करावं. पण छातीत दुखलं, घाम फुटला तर टेन्शन समजून थांबू नका, लगेच दवाखान्यात ईसीजी काढा. त्रास महिनाभर टिकला तर मनोविकारतज्ज्ञ. टेलिमानस (सरकारची मानसिक आरोग्य हेल्पलाइन) १४४१६, मोफत, चोवीस तास, मराठीतही.