२६ जीबीचं मॉडेल, ८ जीबीचा लॅपटॉप: शेठकडे वर्कस्टेशन मागायचं का?

मकरपुरावाला
बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) प्रेशर व्हेसल, म्हणजे दाब सोसणाऱ्या टाक्या, बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात मी डिझाइन बघतो. टाकी दाब सोसेल का, याचं संगणकावरचं ॲनालिसिस बाहेरून करून घेतो. गेल्या महिन्यात सल्लागाराची रिझल्ट फाइल आली. १ कोटी २० लाख एलिमेंट (मॉडेलचे बारीक तुकडे), २० लोड स्टेप (भाराचे टप्पे), २६ जीबी. लॅपटॉप माझा ८ जीबीचा. डबल क्लिक केलं, खाली जाऊन सेव उसळ खाऊन आलो, चक्र फिरतंच होतं. मग माउसही हलेना.

शेठ म्हणाले, "मशीन घेऊन टाकू का?" मी नको म्हणालो, आणि ऑफिसात जुंपली. माझं म्हणणं सरळ आहे. स्क्रीनवर १९२० गुणिले १०८०, म्हणजे जेमतेम २१ लाख ठिपके. कोटभर एलिमेंट त्यात दिसणार कुठे? शिवाय भरीव वस्तूची दिसते ती फक्त साल. शंभर बाय शंभर बाय शंभरचा ठोकळा घ्या, एलिमेंट १० लाख, पण बाहेरून दिसणारे चौकोन ६० हजारच. मेश (एलिमेंटांची जाळी) दुप्पट बारीक करा, एलिमेंट आठपट होतील, साल चौपटच वाढेल.

आता आकड्यांचं ओझं बघा. आमच्या मॉडेलात साधारण १ कोटी ७० लाख नोड, म्हणजे एलिमेंट जोडणारे बिंदू. स्ट्रेसचे (ताणाचे) सहा घटक, प्रत्येकी ८ बाइट, म्हणजे एका स्टेपला ८० कोटी बाइटच्या वर. फक्त व्हॉन मिसेस (सहाही घटकांचा मिळून एक आकडा) घेतला आणि तो ४ बाइटमध्ये ठेवला, तर ७ कोटींच्या आत. रंग बघायला तेवढी अचूकता पुरून उरते. मी सल्लागाराला त्याच्याच मशीनवर पॅराव्ह्यू या रिझल्ट बघायच्या सॉफ्टवेअरची एक स्क्रिप्ट चालवायला सांगितली: साल काढ, शेवटची स्टेप ठेव, मिसेस ठेव. फाइल आली १६० एमबीची, लॅपटॉपवर लोण्यासारखी फिरते. पॅराव्ह्यू फुकट आहे, हे शेठला वेगळं सांगावं लागलं नाही.

जाळीतला_मासा
साल बघून व्हेसल पास करता? धन्य आहात.

एएसएमईच्या सेक्शन ८ डिव्हिजन २, म्हणजे प्रेशर व्हेसलच्या अमेरिकन नियमावलीप्रमाणे, तपासताना जाडीतून आरपार रेघ घेऊन स्ट्रेस लिनियराइज करावा, म्हणजे सरळ रेषेत बसवावा लागतो. मेम्ब्रेन (जाडीभर सरासरी) किती, बेंडिंग (वाकण्यामुळे आलेला) किती, ते वेगळं काढायचं. त्यासाठी पोटातले आकडे हवेत, आणि सहाही घटक हवेत, कारण आधी घटक लिनियराइज होतात, मिसेस नंतर काढतात. तुम्ही नेमकं तेच फेकून दिलंत. तुमच्या १६० एमबीच्या फाइलमधून फार तर शेठच्या केबिनसाठी कॅलेंडर छापता येईल.

सुरसागर_काठ
माशाला अनुमोदन. नॉर्वेत १९९१ मध्ये स्लाइपनर ए या समुद्रातल्या तेल-वायू प्लॅटफॉर्मचा काँक्रीटचा पाया बुडाला. भिंतींच्या सांध्यातला शिअर स्ट्रेस हिशेबात ४७ टक्के कमी आला होता. मॉडेल हलकं करण्याच्या नादात असंच होतं.

मकरपुरावाला
काठराव, गल्लत होतेय. तिथे गणिताचीच मेश ढोबळ होती. माझी मेश आहे तशीच आहे, सॉल्व्हरने (गणित सोडवणाऱ्या प्रोग्रामने) बारीक मेशवरच सोडवलंय. मी फक्त बघायला कमी घेतोय. ताटात कमी वाढून घेतलं म्हणून पातेल्यातलं कमी होत नाही.

मासेदादांचा मुद्दा मात्र खरा. पण रेघेवरचे आकडे किती? एका रेघेवर पन्नास बिंदू धरले तरी किलोबाइटांचा मामला. दहा रेघा मागवतो.

जाळीतला_मासा
आणि रेघ कुठे घ्यायची, ते कोण ठरवणार? सल्लागार! म्हणजे ज्याचं काम तपासायचं, त्यालाच विचारायचं की मी कुठे बघू. आमच्याकडे एकदा असंच झालं. रिपोर्टात सगळ्या रेघा नोझलच्या (पाइप जोडायच्या तोंडाच्या) वरच्या बाजूला होत्या. सपोर्टच्या पॅडशेजारी कुणी बघितलंच नव्हतं. आमच्याकडे पूर्ण फाइल होती म्हणून सापडलं. मशीनचे पैसे त्यासाठी मोजायचे.

कलाभवनी
मी ऐंशीच्या दशकात कलाभवनात, बडोद्याच्या इंजिनीअरिंग कॉलेजात, होतो. तेव्हा नोडवारी आकड्यांचा गठ्ठा प्रिंटआउटवर यायचा आणि समान स्ट्रेसच्या रेघा आम्ही पेन्सिलने ओढायचो. एक फायदा होता, आकडा डोळ्याखालून जायचा. आता पोरं लाल दिसलं की घाबरतात आणि निळं दिसलं की चहाला जातात. रंगपट्टीचं वरचं टोक कितीवर ठेवलंय ते आधी विचारा. एका टोकदार कोपऱ्यामुळे कमाल आकडा आभाळाला भिडला, तर बाकी सगळं निळंच दिसणार. यात ८ जीबी काय आणि १२८ जीबी काय.

सुरसागर_काठ
क्लाउडवर भाड्याने मशीन घ्या ना, तासाचे पैसे.

मकरपुरावाला
गिऱ्हाइकाच्या करारात ड्रॉइंग बाहेर ठेवायला बंदी आहे. आणि २६ जीबी अपलोड करेपर्यंत नवरात्र येईल.

काका, रंगपट्टीचं पटलं. वरचं टोक आता परवानगीच्या स्ट्रेसवर बांधून टाकलंय, त्यापुढचं सगळं जांभळं.

मासेदादा, रात्री झोप आली नाही तुमच्यामुळे. मधला रस्ता काढलाय. ऑफिसात सीएनसीच्या (संगणकावर चालणाऱ्या कटिंग मशीनच्या) प्रोग्रामिंगसाठी घेतलेला एक डेस्कटॉप पडून आहे, ३२ जीबीचा. एक स्टेप वाचण्याइतकी मेमरी त्यात आहे, वीसच्या वीस एकदम कुणाला हव्यात? पूर्ण फाइल त्यावर टाकली, पीव्हीसर्व्हर (पॅराव्ह्यूचा दुसऱ्या मशीनवर चालणारा भाग) चालू केला, आणि लॅपटॉपवरून जोडलो. वाचणं, कापणं तिकडे, लॅपटॉपवर नुसतं चित्र येतं. रेघ कुठे घ्यायची ते आता मीच ठरवतो.

जाळीतला_मासा
म्हणजे शेवटी मोठं मशीन लागलंच की!

मकरपुरावाला
विकत नाही घेतलं ना!

जाळीतला_मासा
पॅडशेजारी बघितलंत?

मकरपुरावाला
उद्या बघतो. डेस्कटॉपवर सध्या सीएनसीवाला बसलाय.