मदत हवी आहे : सात सीटर गाडीला किती वजनाचा ट्रेलर झेपेल? (कुंभार्ली घाट धरून सांगा)

नमस्कार मंडळी, आम्ही कराडचे. घरात सहा माणसं, मी, मिसेस, आई-बाबा आणि दोन पोरं, गाडी सात सीटर डिझेल. बाबांच्या गुडघ्यांमुळं हॉटेलचे जिने आता होत नाहीत, आईचं पथ्याचं खाणं, म्हणून गाडीमागं लावायचा छोटा कॅरॅव्हॅन ट्रेलर घ्यायचं चाललंय. एक तयार ट्रेलर बघितलाय, विकणारा म्हणतो रिकामं वजन ९५० किलो, तुमची गाडी १५०० ओढते मग काळजी कसली. पण ट्रेलरच्या प्लेटवर ग्रॉस (म्हणजे सामानासकट जास्तीत जास्त चालणारं वजन) १३०० आहे आणि माझं घोडं तिथंच अडलंय.

कारण ते ९५० म्हणजे टाकीत पाण्याचा थेंब नसताना. १०० लिटरची टाकी भरली की तिथंच १०० किलो, घरगुती सिलेंडर भरलेला साधारण ३० (गॅस १४.२ आणि बाकी लोखंड), शिवाय बॅटरी, गाद्या, भांडीकुंडी, खुर्च्या, ताडपत्री, पोरांच्या सायकली. १२०० च्या पुढं जाणारच की. म्हणून मी हिशोब १३०० वरच धरतोय, बरोबर ना?

गाडीच्या मॅन्युअलमध्ये कर्ब वेट (माणसं-सामान नसलेल्या गाडीचं वजन) १८००, ग्रॉस २४००, आणि ट्रेलर ब्रेकवाला असेल तर १५००, बिनब्रेकचा असेल तर ७५०. मेहुणे म्हणतात ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ऊस ओढतोय, तुझी गाडी एवढं ओढणार नाही होय. पण ट्रॅक्टर काही साठच्या स्पीडनं घाट उतरत नाही, आणि आम्हाला पाटण, कोयनानगर करत कुंभार्लीनं खाली गुहागरला जायचंय, गाडीत म्हातारी माणसं आणि लेकरं. ज्यांनी खरंच ट्रेलर ओढलाय त्यांनी प्लीज सांगा.

प्रतिसाद (सांगलीहून) :

दादा, १३०० धरलंय ते बरोबरच, रिकाम्या वजनावर कधीच जाऊ नका. पण १५०० चा आकडा जरा बाजूला ठेवा, तुमच्या गाडीचं खरं दुखणं ओढण्यात नाही, पाठीवर किती भार घेते त्यात आहे. २४०० वजा १८०० म्हणजे ६०० किलो. त्यातनं चार मोठी माणसं २६०, पोरं ६०, डिकीतलं सामान १२० गेलं, राहिले १६०. हिच (गाडीच्या मागं ट्रेलर अडकवायचा जोड) आणि त्याची फ्रेम ३० धरा. उरले १३०. आता ट्रेलरचा पुढचा दांडा हिचवर टेकतो तो भारसुद्धा ह्याच १३० मध्ये बसायला पाहिजे, आणि तो ट्रेलरच्या भरलेल्या वजनाच्या १० ते १५ टक्के ठेवतात. १३०० चे १० टक्केच १३० झाले, १२ धरले तर १५६. म्हणजे पहिल्याच ट्रिपला गाडी ओव्हरलोड, मागचं स्प्रिंग बसणार, पुढची चाकं हलकी होणार आणि स्टिअरिंगची पकड जाणार.

आणि दांड्यावरचा भार कमी करायला सामान मागं सरकवायच्या फंदात पडू नका. मागं जास्त भरलं की बैलगाडी उलाळ होते तसं होतं, दांडा वर उचलायला बघतो आणि स्पीड घेतला की ट्रेलर डावी-उजवीकडं डुलायला लागतो, मागनं ट्रक ओव्हरटेक करून गेला की तर जास्तच. जड वस्तू खाली आणि ट्रेलरच्या चाकांच्या आसपासच ठेवायच्या.

माझं मत विचाराल तर ग्रॉस १००० च्या आतला बघा, १२ टक्क्यांनी १२० होतात, तुमच्यात बसतं. त्याला स्वतःचे ब्रेक पाहिजेतच, ७५० च्या वर तुमचं मॅन्युअलच तसं म्हणतंय. कुंभार्ली चढताना फारतर गाडी दमेल, गरम होईल, थांबता येतं. उतरताना मागनं ढकलतो तो खरा धोका. सुरुवातीपासनं खालच्या गिअरला उतरायचं, न्यूट्रल अजिबात नाही, ब्रेकवर सतत पाय ठेवून बसायचं नाही. पाण्याची टाकी घाट उतरून खाली गेल्यावर भरा, १०० किलो तिथंच वाचले.

घेण्याआधी वजनकाट्यावर न्या. आधी सगळी माणसं सामान घालून नुसती गाडी. मग ट्रेलर जोडून फक्त गाडीची चाकं काट्यावर, ट्रेलरची बाहेर, दोन्हीतला फरक म्हणजे दांड्याचा भार. मोठ्या काट्याला पाच-दहा किलो इकडंतिकडं धरा. आणि ट्रेलरचं रजिस्ट्रेशन वेगळं असतं, ते कागद मागून घ्या.

मूळ धागाकर्ता :

खूप खूप आभार, हा पाठीवरच्या भाराचा हिशोब मला एकानंही सांगितला नव्हता, विकणाऱ्यानं तर विषयच काढला नाही. हिचवर जास्तीत जास्त किती भार चालतो तो आकडा मॅन्युअलमध्ये वेगळा दिलाय, १०० किलो, म्हणजे १३० सोडा, १०० च धरायचे ना? मग १२ टक्क्यांनी ट्रेलर ८०० च्या आसपासच येतोय. तेवढ्यात सहा जण झोपणार नाहीत, पण आई-बाबा आत आणि आम्ही बाहेर तंबूत असं चालेल, मिसेस पण तयार आहे. कराड-सांगली भागात हिच नुसती बंपरला न मारता चासीला व्यवस्थित बसवून देणारं कुणी असेल तर कळवा, आणि ८०० पर्यंतचा ब्रेकवाला ट्रेलर कुणी वापरत असेल तर मला तो एकदा बघायला यायचंय.