म्युनिकचा उन्हाळा: पंख्याआधी खिडक्या

जुलैत म्युनिकला येताय आणि घरात एसी नाही म्हणून काळजीत आहात. अशा वेळी पंखा घ्यायचं सुचेलच, पण आधी खिडक्या सांभाळा. पहाटेची गार हवा आत घेऊन सकाळीच खिडक्या बंद करायच्या, बाहेरून शटर असेल तर तेही खाली. ऊन कलल्यावर सगळं सताड उघडायचं. दिवसभर खिडक्या उघड्या ठेवायची आपली सवय इथे नडते; एकदा आत आलेली झळ रात्रभर हलत नाही.

राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी, म्हणजे आनमेल्डुंग, करावी लागते. त्यासाठी घरमालकाचा सहीचा कागद आधीच मागून ठेवा. रविवारी दुकानं बंद, त्यामुळे दूध-भाजी शनिवारीच.

बाकी संध्याकाळी घरात कोंडून घेऊ नका, नऊपर्यंत लख्ख उजेड असतो. इथल्या पारंपरिक बियरगार्टनमध्ये, म्हणजे उघड्यावरच्या बियरच्या बागेत, पेय तिथलं घेतलं की खाणं घरचं चालतं, फक्त टेबलक्लॉथ घातलेली टेबलं सोडून बसायचं. आम्ही खुशाल थालीपीठं नेतो. इझार नदीच्या काठावरही झकास वेळ जातो. आइसबाख या शहरातल्या ओढ्यात मात्र पोहायला मनाई आहे. लोक उड्या मारताना दिसतील, तुम्ही मारू नका, पाण्याची ओढ भयंकर असते.